आमची मराठी आणि तांड्यावरचे पोर

२०२५ सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेवरून जे रण माजले ते वाचकांच्या स्मरणात असेल. १६ एप्रिलला शासनाने निर्णय काढला की, मराठी आणि इंग्रजी शाळांतून पहिलीपासूनच हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवावी. त्यावर असा काही गदारोळ उठला की २९ जूनला तो निर्णय गुंडाळून ठेवावा लागला आणि ५ जुलैला मुंबईत विजयाची सभा भरली. त्या दोन-अडीच महिन्यांत साहित्यिक बोलले, शिक्षणशास्त्रज्ञ बोलले, पुढारी तर बोललेच बोलले. सहा वर्षांच्या कोवळ्या मुलावर तीन भाषांचे ओझे लादू नका. आधी त्याची आईची भाषा पक्की होऊ द्या, मग दुसरी, मग तिसरी, असे सारे एकमुखाने म्हणत होते. ते मी वर्तमानपत्रांतून रोज वाचत होतो आणि मान डोलावीत होतो. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

माझे भांडण त्या म्हणण्याशी नाही. ते म्हणणाऱ्यांशी आहे. माझ्यासमोर जी मुले पाटी घेऊन बसत आली, त्यांची आठवण त्या साऱ्या आरडाओरडीत कोणाला झाली नाही. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर ह्या बालाघाटच्या खडकाळ पट्ट्यात तांडे आहेत. तांड्यावर घरात गोरमाटी बोलली जाते. तांड्यावरचे पोर पहिलीत येते तेव्हा मराठी हीच त्याची दुसरी भाषा असते. २००० सालापासून पहिलीत इंग्रजी आली, ती त्याची तिसरी. हिंदी आली असती तर ती चौथी झाली असती. म्हणजे ज्या तिसऱ्या भाषेच्या भयाने अवघा महाराष्ट्र पेटून उठला, ती तिसरी भाषा तांड्यावर येऊन पाव शतक होत आले आहे. त्याबद्दल मुंबईत सभा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणखी एक गंमत सांगतो. जनगणनेत ही गोरमाटी स्वतंत्र भाषा म्हणून मोजलीच जात नाही. ती ‘लमाणी’ किंवा ‘लंबाडी’ ह्या नावाने हिंदीच्या पोटात घातलेली आहे. २०११ साली ह्या एकाच नावाखाली देशात ३२ लाखांहून अधिक माणसे नोंदली गेली आणि ती सारी हिंदीच्या बेरजेत मिळविली गेली. तेव्हा सरकारी कागदावर माझा विद्यार्थी जन्मतःच हिंदीभाषक आहे. प्रत्यक्षात त्याला हिंदी येत नाही आणि मराठीही येत नाही. त्याला जी येते ती भाषा कोणत्याच रकान्यात नाही.

मी हे कोणत्या अधिकाराने बोलतो, असे कोणी विचारील. अधिकार काहीच नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस. हल्लीच्या बोलीत दहावी पास. ह्या शतकाच्या आरंभी वाड्यावस्त्यांवर ज्या वस्तीशाळा निघाल्या, त्यांपैकी एकीच्या दारातून मी ह्या पेशात शिरलो. शिक्षणशास्त्र मी पुस्तकातून शिकलो ते फार पुढे. पोरांनी जे शिकविले ते आधी शिकलो, आणि त्याची फी त्या पोरांनी भरली. वेळ मिळाला तसे कथा-कादंबरीलेखनही केले. माझ्या पहिल्या कादंबरीतील तांड्यावरची माणसे एकमेकांशी अगदी स्वच्छ मराठी बोलतात. तिची परीक्षणे चांगली आली.

शाळेतला पहिला महिना होता. मी फळ्यावर ‘आई’ हा शब्द लिहिला. जगातल्या सर्व अंकलिप्या ज्या शब्दापासून सुरू होतात तोच. खाली पुस्तकातले चित्र दाखविले: पदर डोक्यावर घेतलेली एक बाई. आणि मोठ्याने म्हणालो, ‘‘आई.’’ पुढच्या रांगेतील एक मुलगा दाराकडे वळून पाहू लागला. मी पुन्हा म्हणालो, ‘‘आई.’’ त्याने विचारले, ‘‘कुण आई?’’ मला वाटले, कोणाची आई असे तो विचारतो आहे. मी म्हणालो, ‘‘तुझी आई, माझी आई, सगळ्यांची आई.’’ आता सारा वर्गच दाराकडे पाहू लागला. गोरमाटीत आईला ‘याडी’ म्हणतात आणि ‘आई’ म्हणजे ‘आली’, हे मला कळायला पुढे दीड वर्ष जावे लागले. त्या मुलाने अगदी शहाण्यासारखा प्रश्न विचारला होता: कोण आली? मास्तर पुन्हा पुन्हा ‘आली, आली’ म्हणतो आहे आणि दारात तर कोणीच नाही. त्या मुलाच्या पाटीवर मी त्या दिवशी फुली मारली.

वाचन म्हणजे काय, ह्याचा विचार आम्ही शिकलेली माणसे करीत नाही, कारण आम्हाला ते केव्हा येऊ लागले हे आठवत नाही. मूल अक्षराकडे पाहते, तोंडाने त्याचा आवाज करते, आवाजाला आवाज जोडते, आणि मग एकदम कानावर एक ओळखीचा शब्द पडतो. ते ओळखीचे पडणे हाच वाचनाचा सारा आनंद आहे. ‘भा’, ‘क’, ‘री’ असे चाचपडत गेलेले मूल शेवटी ‘भाकरी!’ म्हणून उडी मारते. त्या उडीसाठीच ते पुढचा शब्द वाचते. आता ज्या घरात भाकरीला ‘बाटी’ म्हणतात त्या घरच्या मुलाचे काय होते पाहा. ते तितकेच कष्ट करते, तितकेच अचूक आवाज काढते, आणि हाती काय लागते? एक रिकामा आवाज. असे शंभर शब्द वाचले, शंभर वेळा हाती काही लागले नाही, की पोर ठरविते की वाचन म्हणजे मास्तरांना आवडणारे आवाज काढणे. मग ते आवाज पाठ करते. साहेब तपासणीला येतात, पोर सुरात धडा म्हणते, साहेब खूश होऊन जातात. ‘‘ह्या धड्यातली बाई कुठे गेली होती रे?’’ एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारू नये म्हणून मी कितीतरी वेळा मनातल्या मनात देवाचा धावा केला आहे.

हे नवे शोध नव्हेत. युनेस्कोने १९५३ साली जगभरच्या तज्ज्ञांचा अहवाल छापला, त्यात मुलाच्या शिक्षणाचे उत्तम माध्यम त्याची मातृभाषा हेच होय, असे स्वच्छ म्हटले आहे. नायजेरियात इफे येथे १९७० साली प्राथमिकची सहाही वर्षे योरुबा भाषेतून शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. इंग्रजी हा फक्त एक विषय ठेवला. ती मुले इतर विषयांत पुढे गेली आणि इंग्रजीतही मागे राहिली नाहीत. कॅनडातील जिम कमिन्स ह्या अभ्यासकाने १९७९ साली ह्याची उपपत्ती मांडली. तिचा गाभा आमच्याकडच्या कोणत्याही आजीला पटेल असा आहे: वाचणे ही गोष्ट माणूस एकदाच शिकतो. जी भाषा कळते तिच्यातून ती एकदा साधली की दुसऱ्या भाषेत नुसते शब्द शिकावयाचे उरतात. विहिरीत पोहायला शिकलेल्याला नदीत पुन्हा पोहणे शिकावे लागत नाही. आम्ही काय करतो? पोहता न येणाऱ्याला थेट गोदावरीच्या पुरात ढकलतो, आणि तो बुडाला की म्हणतो, तांड्याच्या पोरांना डोकेच नसते.

आता मी स्वतः काय केले ते सांगतो. सांगताना संकोच वाटतो, पण दुसऱ्यांवर तोंड टाकायचे तर आधी आपले सांगितले पाहिजे. दुसऱ्या वर्षी मी वर्गात नियम केला: शाळेच्या आवारात मराठीच बोलायचे. जो गोरमाटी बोलेल त्याच्या हाती रूळ द्यायचा. त्याने दुसऱ्या कोणाला गोरमाटी बोलताना पकडले की रूळ त्याच्याकडे. सायंकाळी शाळा सुटताना ज्याच्या हाती रूळ राहील त्याने वर्ग झाडायचा. मला ही युक्ती फार नामी वाटली होती. मुले एकमेकांवर पहारा ठेवू लागली. वर्ग शांत झाला. शांतता म्हणजे शिस्त आणि शिस्त म्हणजे प्रगती, असे त्या वयात मला वाटत असे. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की, एकोणिसाव्या शतकात वेल्समधील शाळांतून हेच करीत. वेल्श भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत, तो एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाई आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्याकडे असेल त्याला मार बसे. ‘वेल्श नॉट’ म्हणून तो तुकडा आज तिकडे संग्रहालयांत ठेवलेला आहे. माझा रूळ कोठे गेला ते मला ठाऊक नाही.

‘कुण आई?’ विचारणारा तो मुलगा बडबड्या होता. पहिल्या पंधरवड्यात दहा वेळा वर्ग झाडावा लागला, तेव्हा त्याने सोपा मार्ग काढला. त्याने बोलणेच सोडून दिले. चार वर्षे तो माझ्या वर्गात बसला, त्यातले निम्मे दिवस उसाच्या फडावर गेले. पाचव्या वर्षी आईबापांबरोबर गेला तो परत आला नाही. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या बसस्थानकावर मला एका तरुणाने नमस्कार केला. बायको बरोबर होती, कडेवर मूल होते. मी ओळखले नाही, त्याने ओळखले. चहा पाजला, घरची चौकशी केली. आता मराठी चांगली बोलत होता. फडावर, बाजारात, मुकादमाच्या शिव्यांतून शिकलेली. तेवढ्यात समोर एक बस लागली. तो म्हणाला, ‘‘गुर्जी, ही मुखेडला जायलीय का बगा की जरा.’’

पाटी मोठ्या अक्षरांत होती. मी चार वर्षे त्याचा मास्तर होतो.

माझे आजोबा निजामाच्या अंमलात लातूरला शिकले. खालच्या इयत्तांत मराठी चाले. वर चढले की उर्दू. त्रिकोणाला ‘मुसल्लस’ म्हणावे लागे. आजोबांना मुसल्लसची व्याख्या मरेपर्यंत तोंडपाठ होती. मात्र आपण भूमितीत काय शिकलो हे आपल्याला कधीच कळले नाही, असे ते हसत सांगत. हसण्यामागे काय होते ते मला मोठेपणी समजले. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दूतून शिकविणारे. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेतून देण्याचा तो प्रयोग म्हणून खरोखरच धाडसाचा होता, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. फक्त ती देशी भाषा त्या राज्यातल्या बहुसंख्य प्रजेची नव्हती. मराठी, तेलुगू, कानडी मुलांना सांगण्यात येई: ही राज्याची भाषा आहे, हिच्यातच तुमचे कल्याण आहे, घरच्या बोलीचा हट्ट सोडा. स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात पडण्यापूर्वी हिप्परग्याच्या आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत मास्तर होते. भाषेचा प्रश्न हा मराठवाड्यात आधी शाळेचा प्रश्न होता, मग तो राज्याचा प्रश्न झाला.

म्हणून दर १७ सप्टेंबरला मला चोरट्यासारखे होते. मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. पाहुणे भाषण करतात. निजामाने आमच्या तोंडची मायबोली कशी हिरावून घेतली, परकी भाषा लहान लेकरांवर कशी लादली, हे ते गहिवरून सांगतात. पहिल्या रांगेत तांड्याची मुले बसलेली असतात. परभाषा लादण्याचा अन्याय त्यांना परभाषेतून समजावून सांगितला जात असतो. पाहुण्यांनी टाळ्यांसाठी क्षणभर थांबावे आणि मुलांनी मास्तरांकडे पाहून टाळ्या वाजवाव्या, असा तो सोहळा असतो.

राज्यघटनेत १९५६ साली एक कलम घालण्यात आले, ३५०-अ. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. हे कलम आम्हा मराठी माणसांना चांगले पाठ आहे. बेळगावची मराठी शाळा म्हटली की ते आम्हाला आठवते, बिदरजवळच्या औरादची, भालकीची म्हटली की आठवते. आठवलेच पाहिजे, तेथील मराठी मुलांचा तो हक्क आहे. पण बिदरची हद्द ओलांडून उदगीर-देवणीकडे आलो की आमची स्मरणशक्ती एकाएकी क्षीण होते. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा भैंसा-मुधोळ तिकडे गेले आणि किनवट आमच्याकडे आले. कागदावर रेघ ओढली गेली. तोंडातल्या भाषा जेथल्या तेथे राहिल्या. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू बोलणारी मुले आहेत. निलंग्याच्या कडेला कानडी आहे. किनवट-माहूरच्या रानात गोंडी आहे, कोलामी आहे, आणि ह्या दोन्ही तर द्रविड कुळातल्या. मराठीशी त्यांचे नाते शेजारापुरते. नांदेड-लातुरातल्या मुसलमान मुलांना उर्दू शाळा तरी आहेत, जरी घरची दखनी आणि पुस्तकातली उर्दू ह्यांच्यामध्ये केवढे अंतर आहे हे तेथल्या मास्तरांनाच विचारावे. तांड्याला तेवढेही नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप लिपीचा. गोरमाटीला लिपीच नाही, मग शिकविणार कशी? मला हे म्हणणाऱ्यांचे नवल वाटते. मराठीची लिपी तरी कोठे तिची एकटीची आहे? जी देवनागरी हिंदीला चालते, नेपाळीला चालते, संस्कृताला चालते, तीच आपण वापरतो. त्यापूर्वी रोजच्या व्यवहाराला मोडी होती, ती आपण खुशाल सोडून दिली. मी फळ्यावर देवनागरीत ‘मारी याडी आई’ असे लिहिले, तेव्हा वर्गातल्या सर्वांत ठोंब म्हणून नावाजलेल्या पोरीने ते वाचले आणि ती खुदकन हसली. माझी आई आली. आपण बोलतो ते फळ्यावर लिहिता येते, ही गोष्ट तिला तोवर कोणी सांगितलीच नव्हती. तीच अक्षरे, तीच बाराखडी. पुढे मराठीसाठी एकही नवे अक्षर शिकावे लागत नाही. ह्याहून सोपा पूल कोणता इंजिनिअर बांधून देणार आहे?

दुसरा आक्षेप असा की, मूल लहान असते, ऐकून ऐकून मराठी आपोआप शिकते. बोलायला शिकते, हे खरे. बसस्थानकावरचा तो तरुणही शिकला होता. पण आपोआप शिकेपर्यंत तीन-चार वर्षे जातात आणि वाचनाचा पाया तर त्याच वर्षांत घालायचा असतो. पाया घालायच्या वेळी गवंडी सिमेंटची वाट पाहत बसला तर घर कसे उभे राहील?

तिसरा आक्षेप वर्गात चार भाषांची मुले असतील तर मास्तरने काय करावे, हा. हा आक्षेप शहरापुरता खरा आहे. तांड्यावरच्या शाळेत सगळ्या मुलांची भाषा एकच असते; परका असतो तो एकटा मास्तर. एका माणसाने भाषा शिकणे सोपे की तीस मुलांनी, ह्याचे गणित मांडून पाहावे.

परंतु ह्या सर्वांपेक्षा मोठा घात एका गोड उपदेशाने होतो. पालकांच्या एका मेळाव्यात एका साहेबांनी तांड्यावरच्या बायांना कळकळीने सांगितले, ‘‘ताई, घरात लेकरांशी मराठी बोलत चला, म्हणजे त्यांचा अभ्यास सुधारेल.’’ हेतू वाईट नव्हता. त्यातल्या एका माउलीने तो उपदेश मनावर घेतला. तिची मराठी आठवडी बाजारापुरती. तेवढ्या मराठीत ती मुलीशी बोलू लागली: ये, जा, जेव, झोप, गप बस. लेंगीच्या गाण्यांतले, सेवालाल महाराजांच्या गोष्टींतले, रुसण्या-फुगण्याचे, थट्टेचे सारे बोलणे घरातून उठून गेले. पूर्वी ती मुलगी शाळेत आल्यावर तांड्यावरची सगळी खबर मला अर्ध्या गोरमाटीत, अर्ध्या हातवाऱ्यांत सांगत असे. वर्षभरात तिची गोरमाटी आटली आणि मराठी काही वाढली नाही. आईने मोडकी भाषा दिली की लेकराला मोडकीच मिळते. लेकराच्या डोक्यात भाषेचे भांडार भरायचे तर ते ज्या भाषेत आईला भरभरून बोलता येते तिच्यातच भरेल, आणि तेच भांडार पुढे मराठीच्या उपयोगी पडेल. ‘घरात मराठी बोला’ असे सांगणाऱ्याने आधी स्वतः घरात सहा महिने केवळ तेलुगू बोलून दाखवावे.

तांड्याचे नायकही मला एकदा म्हणाले, ‘‘गुर्जी, आमची बोली शिकून पोरगं कुटं जाईल? आमाला तर लातूरला धाडायचंय.’’ नायकांचे बोलणे मी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी लातूर पॅटर्नचे नाव ऐकले आहे. शिकवणी वर्गांचे मोठमोठे फलक, त्यांवरचे डॉक्टर होणाऱ्या मुलांचे फोटो त्यांनी पाहिले आहेत. त्यांना मराठी हवी, इंग्रजी हवी; मलाही त्यांच्या नातवासाठी दोन्ही हव्यात. मी गोरमाटीची शाळा मागत नाही. पहिली दोन-तीन वर्षे वाचायला, लिहायला गोरमाटीतून शिकवा, बरोबरीने तोंडी मराठी शिकवा, मग हळूहळू मराठीचे पुस्तक हाती द्या, एवढेच माझे मागणे आहे. लातूरच्या फलकांपर्यंत जाणारी वाट पहिलीच्या फळ्यावरूनच जाते. मी नायकांना हे सांगितले. त्यांना पुरते पटले असे मी म्हणणार नाही. त्यांनी विचारले, ‘‘सरकारला पटलंय का?’’

सरकारला पटलेले आहे. कागदावर तर फार पूर्वीपासून. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मातृभाषेतून शिकवावे असे लिहिले आहे. आधी ‘शक्य असेल तेथवर’ हे शब्द घालून. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. पण तेथे घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा, प्रादेशिक भाषा असे चार शब्द तिरप्या रेघा मारून एका ओळीत बसविले आहेत. आमचे खाते नेमके चौथ्या शब्दावर बोट ठेवते आणि झोपी जाते. मध्यंतरी पहिलीची द्विभाषिक पाठ्यपुस्तके आली. मी मोठ्या आशेने उघडली. दोन भाषा होत्या: मराठी आणि इंग्रजी.

आणि हे होत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. किनवटहून हद्द ओलांडली की पूर्वीचा आदिलाबाद जिल्हा लागतो. तो अखंड आंध्रात होता तेव्हा, २००४ च्या सुमारास, त्या सरकारने आठ भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला. त्या आठांत गोंडी होती, कोलामी होती आणि बंजाराही होती. ज्या भाषांसाठी आमच्याकडे लिपीची अडचण निघते, त्यांची पुस्तके त्यांनी तेलुगू लिपीत केली. ओडिशाने २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांपासून आरंभ केला आणि पुढे ती संख्या एकवीसवर नेली. अडचणी त्यांनाही आल्या. शिक्षक बदलून गेले, पुस्तके उशिरा पोहोचली. पण त्यांनी पाऊल टाकले. आमच्या महाराष्ट्रात गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच गोंडीची शाळा काढली. आमच्या शिक्षण खात्याने तिची दखल घेतली, ती अनधिकृत ठरविण्यासाठी.

मी मराठीचा शत्रू आहे असे ह्यावरून कोणी ठरवील. मी मराठीत लिहितो, मराठीतच मला बरेवाईट सुचते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मी शाळेत पेढे वाटले. पोरांनी पेढे खाल्ले आणि एकाने विचारले की अभिजात म्हणजे काय. मला ते गोरमाटीत सांगता येईना, मराठीत सांगून त्याला कळेना. पण मला कळते ते असे की, तांड्यावरच्या पोराला मराठी वाचता यावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याला त्या पोराच्या याडीची भाषा शाळेत आणावी लागेल. दुसरा रस्ता मी चालून पाहिला आहे. तो बसस्थानकावर जातो.

तुम्ही हा दिवाळी अंक हाती घ्याल तेव्हा माझा अर्धा वर्ग गेलेला असेल. उचल घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचे ट्रक येतात आणि एकेका कोयत्यामागे दोन-तीन पोरे उसाच्या फडावर जातात, ती चैत्रातच परततात. पोरे वाचायची मागे का पडतात असे विचारले की खाते ऊसतोडीकडे बोट दाखविते. खरेही आहे ते, पण अर्धेच. जी पोरे मागे राहतात, आजीजवळ राहून वर्षभर शाळेत येतात, तीही वाचत नाहीत, त्याचे काय?

मागच्या वर्षी फडावर जाणाऱ्या पोरांसाठी मी चाळीस पानी वह्या केल्या. तांड्यावरच्या तीन म्हाताऱ्या बाया वर्गात बोलावल्या. त्या सांगत गेल्या, पोरांनी अन् मी मिळून देवनागरीत लिहून घेतले: भांड्यांची नावे, झाडांची नावे, शिव्या सोडून बाकीचे पुष्कळसे, आणि दोन गोष्टी. समोरच्या पानावर मराठी. माझे गोरमाटीचे ऱ्हस्वदीर्घ म्हाताऱ्यांना मान्य होईनात, तेव्हा बराच वाद झाला आणि त्यात त्या जिंकल्या. चैत्रात पोरे परत आली. सहा वह्या हरवल्या होत्या, एकीवर चहा सांडला होता, बाकीच्या फाटक्यातुटक्या का होईना, होत्या. आणि एका पोराने मागच्या कोऱ्या पानांवर फडावरचे नवे शब्द भरून आणले होते, त्यातले निम्मे कानडी.

ह्या वह्यांचा खर्च मंजूर व्हावा म्हणून मी अर्ज केला होता. तो कोणत्या शीर्षाखाली घालावयाचा, अशी विचारणा करणारे पत्र आले. मराठीखाली घालावा तर वहीतले निम्मे मराठी नाही. इतर भाषांखाली घालावा तर त्या यादीत गोरमाटी नाही. हिंदीखाली घातला असता तर मंजूर झाला असता, असे एका अनुभवी कारकुनाने मला खाजगीत सांगितले. यंदाच्या वह्या शिवून झाल्या आहेत. पैसे मीच दिले, पावती ठेवलेली आहे.